नोलन रायन: लोक सारखे सारखे विचारतात ते प्रश्न

ह्यूस्टनकडे नवीन आलेली आपली मंडळी, मुलांकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेले आई-बाबा आणि तिकडून मेसेज टाकणारे क्रिकेटवेडे, सगळ्यांचे नोलन रायनबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून सगळे एकत्र करून ठेवलेत. बेसबॉल अजिबात माहीत नसेल तर पहिले तीन वाचा, माहीत असेल तर थेट खाली जा.

१. नोलन रायन कोण? थोडक्यात सांगा ना.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा उजव्या हाताचा पिचर. जन्म ३१ जानेवारी १९४७, टेक्सासमधल्या रेफ्युजिओ गावात, वाढला ह्यूस्टनच्या दक्षिणेला ॲल्विनमध्ये. १९६६ ला मेजर लीगमध्ये आला, १९९३ ला थांबला. न्यूयॉर्क मेट्स, कॅलिफोर्निया एंजल्स, ह्यूस्टन ॲस्ट्रोज आणि टेक्सास रेंजर्स अशा चार टीमकडून खेळला. ५७१४ स्ट्राइकआउट आणि ७ नो-हिटर हे त्याचे दोन रेकॉर्ड अजून तसेच उभे आहेत. या काळात अमेरिकेत जॉन्सनपासून क्लिंटनपर्यंत सात प्रेसिडेंट झाले आणि हा आपला बॉल टाकतोच आहे.

२. पिचर म्हणजे आपला बॉलरच ना?

काम तेच, पण पद्धत वेगळी. रनअप नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून, कोपर वाकवून, सरळ फेकायचं. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण १८.४४ मीटर. बॉल टप्पा खात नाही त्यामुळे पिच कोरडं की ओलं हा विषयच नाही, जे काय करायचं ते हवेतच. आणि ओव्हर संपली की दुसरा आला असंही नाही, सुरुवात करणारा पिचर दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत एकटाच टाकत राहतो, मग चार-पाच दिवस विश्रांती.

३. स्ट्राइकआउट, वॉक, ईआरए, नो-हिटर... हे सगळं एकदाच सांगून टाका.

बॅट फिरवून चुकला किंवा चौकटीतला बॉल सोडला की एक स्ट्राइक, बॅटरला असे तीन झाले की तो आऊट, तो स्ट्राइकआउट. चार बॉल ठरलेल्या चौकटीच्या बाहेर पडले आणि त्याने बॅट फिरवली नाही तर त्याला फुकटात पहिला बेस, तो वॉक. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (साध्या मॅचमध्ये प्रत्येक टीमच्या एवढ्याच असतात) पिचरच्या खात्यावर सरासरी किती रन पडले, जेवढा कमी तेवढा भारी. पूर्ण मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) मिळाली नाही तर नो-हिटर. पण वॉक दिले तरी नो-हिटर राहतो, हे लक्षात ठेवा, कारण ९ नंबरचा प्रश्न यावरच आहे.

४. तो नक्की किती फास्ट होता? शोएबपेक्षा जास्त?

१९७४ मध्ये मॅच चालू असताना रडार लावून मोजला होता, ताशी १००.९ मैल, म्हणजे १६२ किलोमीटरच्या थोडं वर. शोएब अख्तरचा २००३ चा बॉल १६१.३. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवून भांडू नका. रायनचा वेग बॉल बॅटरजवळ पोचत आला तेव्हाचा आहे, आजकाल हातातून सुटल्या सुटल्या मोजतात, आणि हवेत बॉल बराच मंदावतो. म्हणूनच काही लोक हिशोब करून आजच्या मापाने १०८ मैल वगैरे सांगतात. तो अंदाज आहे, मोजमाप नाही, त्यामुळे मी तो कोणाच्या तोंडावर फेकत नाही.

५. मेट्सनी असला हिरा सोडला कसा? येडे होते का?

आज येडेच वाटतात, पण तेव्हाचा रायन बघा. १९६५ च्या ड्राफ्टमध्ये (त्यात टीम नवीन पोरं निवडतात) बाराव्या राउंडला घेतलेला पोरगा, वेग अफाट, पण बॉल कुठे जाईल ते त्यालाही माहीत नाही. शिवाय आर्मी रिझर्व्हची ड्युटी असायची, त्यामुळे मधूनच गायब, आणि पिचरला लय लागायला सलग टाकायला मिळालं पाहिजे ते मिळतच नव्हतं. बोटांना फोड यायचे, त्यावर उपाय म्हणून लोणच्याच्या खाऱ्या पाण्यात बोटं बुडवून बसायचा (काकडीचं लोणचं, आपलं कैरीचं नाही, नाहीतर मसाल्याने बोंबलला असता). मेट्सकडे आधीच टॉम सीव्हरसारखा भारी पिचर होता, म्हणजे याच्यासाठी थांबून राहायची गरज नव्हती. मेट्समधला त्याचा हिशोब २९ जिंकल्या, ३८ हरल्या. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांनी रायन आणि वर आणखी तीन खेळाडू एंजल्सला देऊन बदल्यात जिम फ्रेगोसी घेतला. फ्रेगोसी तिथे चाललाच नाही आणि रायनने पहिल्याच वर्षी ३२९ स्ट्राइकआउट घेतले. बेसबॉलमधल्या सगळ्यात फसलेल्या सौद्यांच्या यादीत हा कायम वर असतो.

६. १९७३ च्या ३८३ स्ट्राइकआउटचं एवढं कौतुक का?

कारण एका सीझनमधला आधीचा रेकॉर्ड सँडी कोफॅक्सचा होता, १९६५ चा, ३८२. रायनने तो एकाने मोडला, आणि कसा, तर सीझनमधल्या त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये, मिनेसोटाविरुद्ध, मॅच लांबून अकराव्या इनिंगमध्ये गेली तेव्हा कुठे तो ३८३ वा मिळाला. आता खाचखळगा ऐका. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. कोफॅक्स नॅशनलमध्ये होता, तिथे पिचरलाही बॅटिंग करावी लागायची, आणि पिचर बॅटिंगला आला म्हणजे अर्धा स्ट्राइकआउट खिशातच. रायनच्या अमेरिकन लीगमध्ये नेमका १९७३ पासून डेझिग्नेटेड हिटरचा नियम आला, पिचरच्या जागी खास बॅटर यायला लागला. म्हणजे रायनला ते सोपे गिऱ्हाईक मिळालेच नाहीत. माझ्या मते ३८३ चं वजन यामुळे आकड्यापेक्षा जास्त आहे. कोफॅक्सवाले म्हणतील त्याने हे ३३५ इनिंगमध्ये केलं, तर रायनने ३२६ मध्ये, घ्या.

७. एका मॅचमध्ये २३५ बॉल टाकले हे खरं की व्हॉट्सॲप?

खरं. १४ जून १९७४, बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध. १३ इनिंग, १९ स्ट्राइकआउट, आणि १० वॉक पण. बॉस्टनचा सेसिल कूपर बिचारा त्या एका मॅचमध्ये सहा वेळा स्ट्राइकआउट झाला. समोर लुईस टियांट, तो तर पंधराव्या इनिंगपर्यंत टाकत राहिला आणि शेवटी हरला, एंजल्स ४-३ ने जिंकले, पण तोपर्यंत रायन बाहेर गेलेला त्यामुळे विजय त्याच्या नावावर लागला नाही. आज शंभराच्या आसपास बॉल झाले की मॅनेजर उठून चालायला लागतो. बरं, हे वाचून कोणी आपल्या लिटल लीगमधल्या पोराला जास्त टाकायला लावू नका, मुलांसाठी वयानुसार बॉलची मर्यादा ठरलेली असते आणि ती कोपर वाचवायलाच आहे.

८. सात नो-हिटर कोणते कोणते?

१५ मे १९७३ कॅन्सस सिटी, १५ जुलै १९७३ डेट्रॉइट, २८ सप्टेंबर १९७४ मिनेसोटा, १ जून १९७५ बाल्टिमोर, हे चार एंजल्सकडून. पाचवा ॲस्ट्रोजकडून, २६ सप्टेंबर १९८१, डॉजर्सविरुद्ध. शेवटचे दोन रेंजर्सकडून, ११ जून १९९० ओकलंड आणि १ मे १९९१ टोरांटो. त्याच्यानंतरचा नंबर कोफॅक्सचा, चार.

किस्से प्रत्येकाचे आहेत पण डेट्रॉइटचा सांगतोच. त्या दिवशी १७ स्ट्राइकआउट झाले, बॉल दिसतच नव्हता, तर नॉर्म कॅश नवव्या इनिंगमध्ये बॅटऐवजी टेबलाचा पाय घेऊन आला. अंपायरने परत पाठवला. कॅशचं म्हणणं, काय फरक पडतो, लागणार तर तसंही नाहीये. मग खरी बॅट आणली आणि आऊट झाला.

ओकलंडच्या वेळी रायन ४३ चा, पाठ इतकी दुखत होती की इनिंगच्या मधे त्याचा मुलगा रीस डगआउटमध्ये बसून बापाची पाठ चोळत होता. आणि सातवा ४४ व्या वर्षी, १६ स्ट्राइकआउट, शेवटचा बॅटर रॉबर्टो अलोमार. या रॉबर्टोचे वडील सँडी अलोमार एंजल्समध्ये रायनबरोबर खेळलेले. म्हणजे जुन्या सहकाऱ्याच्या पोराला आऊट करून हा रेकॉर्ड झाला.

९. मग परफेक्ट गेम किती?

शून्य. परफेक्ट गेम म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ गेले, एकही बेसवर पोचला नाही. रायन कुठेतरी एखादा वॉक द्यायचाच. शेवटच्या दोन्ही नो-हिटरमध्ये सुद्धा दोन-दोन वॉक आहेत. एक हिट दिलेल्या मॅच मात्र १२ आहेत, म्हणजे नो-हिटरचा आकडा याहून बराच मोठा होऊ शकला असता.

१०. साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सगळ्यात चांगल्या पिचरला मिळतं ते) किती वेळा?

एकदाही नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटतं मीच चुकीचं लिहिलंय. सगळ्यात जवळ १९७३ ला आला, दुसरा, अवॉर्ड जिम पामरला गेला. पामरचा जिंकल्या-हरल्याचा हिशोब २२-९ आणि ईआरए २.४०, रायनचा २१-१६ आणि २.८७, तर त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. १९८७ चं मात्र अजून डोक्यात जातं. ॲस्ट्रोजकडून खेळताना त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी ईआरए त्याचा, २.७६, सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट त्याचे, २७०, आणि जिंकल्या-हरल्या किती, तर ८-१६. तो टाकायचा तेव्हा टीमला रनच काढता येत नव्हते. अवॉर्ड स्टीव्ह बेड्रोसियन नावाच्या रिलीव्हरला, म्हणजे मॅचमध्ये मागून येऊन टाकणाऱ्या पिचरला मिळालं. आज मतदान झालं तर जिंकल्या-हरल्याकडे कोणी एवढं बघणार नाही.

११. ३२४ जिंकल्या पण २९२ हरल्या. मग हा ग्रेट कसला? (थोडा चिडून विचारलेला प्रश्न)

चिडू नका, वाद जुनाच आहे. पिचरच्या नावावर विजय लागायला त्याने पुरेशा इनिंग टाकायच्या हे तर आहेच, पण टीमने तो असेपर्यंत आघाडी घेऊन ती शेवटपर्यंत टिकवायची असते, आणि रायनची बरीच वर्षं साध्यासुध्या टीममध्ये गेली (१९८७ चं उदाहरण वर १० मध्ये आहेच). पण सगळं खापर टीमवर फोडणं पण खोटं होईल. २७९५ वॉक हाही रेकॉर्ड त्याचाच आहे, दुसऱ्या नंबरचा स्टीव्ह कार्लटन १८३३ वर, म्हणजे जवळपास हजाराचा फरक. फुकट दिलेल्या बेसचे पुढे रन होतात, मॅच जातात.

माझं म्हणणं असं की त्याचे स्ट्राइकआउट आणि वॉक वेगळे करून बघूच नका. बॅटरला मारता येईल असा बॉल द्यायचाच नाही हा एकच हट्ट, तो जमला की स्ट्राइकआउट, नाही जमला की वॉक. हिट मात्र कोणालाच मिळायची नाही, नऊ इनिंगमागे ६.५६ हिट, हा पण रेकॉर्डच. सगळ्यात चांगला पिचर कोण असं विचाराल तर मी रायन म्हणणार नाही, सीव्हर म्हणेन. पण समोर उभं राहायची सगळ्यात जास्त भीती कोणाची, तर रायन.

१२. त्याला पैसे किती मिळायचे?

१९७९ संपताना एंजल्सचा करार संपला. त्या वर्षी तो १६-१४ होता, तर एंजल्सचे जनरल मॅनेजर बझी बवासी म्हणाले की ८-७ वाले दोन पिचर आणले की झालं काम. ॲस्ट्रोजनी चार वर्षांचे ४५ लाख डॉलर दिले आणि रायन वर्षाला दहा लाखांच्या वर कमावणारा बेसबॉलमधला पहिला खेळाडू झाला, वर घराजवळ आला ते वेगळंच. १९८८ नंतर ॲस्ट्रोजच्या मालकाला वाटलं म्हातारा झाला, पगार कापूया. तर हा टेक्सासच्या टेक्सासमध्ये रेंजर्सकडे निघून गेला. इथले जुने फॅन अजून या विषयावर शिव्या घालतात.

१३. चाळिशीनंतर एवढं कसं जमलं? काय खायचा?

काय खायचा पेक्षा काय करायचा ते बघा. १९७२ ला एंजल्सच्या स्टेडियममध्ये एक वेट मशीन होतं, तेव्हा बेसबॉलवाले समजायचे की वजन उचललं की पिचरचं अंग आखडतं, त्यामुळे हा गुपचूप जाऊन करायचा. रेंजर्समध्ये टॉम हाउस नावाचा पिचिंग कोच भेटला, तो वॉर्मअपला पिचरांना अमेरिकन फुटबॉल फेकायला लावायचा, लोक हसायचे. रायनने तेही केलं. सातवा नो-हिटर झाल्यावर पार्टी वगैरे सोडून व्यायामाच्या सायकलवर बसला होता, मुलाखती पण तिथूनच.

दुसरी गोष्ट, तो बदलला. तरुणपणी फक्त फास्टबॉल आणि कर्व्ह, नंतर चांगला चेंजअप शिकला, म्हणजे हात तेवढ्याच जोरात फिरतो पण बॉल हळू येतो. फरक आकड्यात बघा: १९७७ ला २०४ वॉक, १९८९ ला ९८, आणि त्या १९८९ मध्ये वय ४२ असताना ३०१ स्ट्राइकआउट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिकी हेंडरसनला आऊट करून पाच हजार पूर्ण केले. ३०० वा विजय पुढच्या वर्षी, ३१ जुलै १९९०, मिलवॉकीमध्ये.

१४. तो मारामारीचा व्हिडिओ, त्यात नक्की काय झालं होतं?

४ ऑगस्ट १९९३, आर्लिंग्टन. शिकागो व्हाइट सॉक्सच्या रॉबिन व्हेंचुराला रायनचा बॉल लागला, तो दोन पावलं पहिल्या बेसकडे गेला आणि मग वळून थेट रायनवर धावला. व्हेंचुरा २६ चा, रायन ४६ चा. रायनने मान काखेत दाबली आणि डोक्यावर ठोसे हाणले. व्हेंचुराला बाहेर काढलं, रायनला नाही, तो तसाच टाकत राहिला आणि रेंजर्स जिंकले. व्हेंचुराच्या जागी बेसवर जो रनर आला त्यालाही रायनने लगेच आऊट केलं, ते व्हिडिओत कापलेलं असतं. व्हेंचुरा पुष्कळ चांगला खेळाडू होता, पण लोकांना हेच आठवतं.

१५. वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकली का कधी?

एकदा, १९६९ ला मेट्सबरोबर, बाल्टिमोरविरुद्ध, वय २२. तिसऱ्या मॅचमध्ये मधूनच येऊन सव्वादोन नाही, बेसबॉलच्या भाषेत दोन आणि एक तृतीयांश इनिंग टाकल्या. पुढे २४ वर्षं खेळला पण वर्ल्ड सिरीजमध्ये परत पोचला नाही. १९८६ ला ॲस्ट्रोजकडून जवळ आला होता, जुन्या मेट्सविरुद्धच ९ इनिंग, फक्त २ हिट, १२ स्ट्राइकआउट, आणि टीम बाराव्या इनिंगमध्ये २-१ ने हरली.

१६. १९६६ ते १९९३ म्हणजे २८ वर्षं होतात. मग सगळीकडे २७ सीझन का लिहितात?

बरोबर पकडलंत. १९६६ ला दोन मॅच खेळला, १९६७ मध्ये दुखापत आणि आर्मीची ड्युटी यात मेजर लीगची एकही मॅच नाही, मग १९६८ पासून सलग २६. एक अधिक सव्वीस.

१७. शेवट कसा झाला? टॉमी जॉन ऑपरेशन का नाही केलं?

२२ सप्टेंबर १९९३, सिॲटल. पहिल्याच इनिंगमध्ये एकही आऊट न मिळता ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन, एका फटक्यात चार रन) खाल्ला आणि पुढच्या बॅटरला टाकताना कोपरातलं लिगामेंट फाटलं. त्यानंतर एक बॉल टाकून बघितला, तो पण ९८ मैलाचा. मग स्वतःच निघाला. सीझननंतर रिटायर होणार हे आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे ऑपरेशन करून वर्ष-दीड वर्ष थांबण्यात काही अर्थच नव्हता. ते ऑपरेशन पहिल्यांदा १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनवर केलं, शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून कोपरात बसवतात. जॉन १९७६ ला परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला.

१८. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या दिग्गजांचा मान) घ्यायला सगळ्यांनी मत दिलं का?

१९९९ ला, ४९७ पैकी ४९१. ते सहा कोण आणि त्यांना काय हवं होतं ते देव जाणे. शंभर टक्के पहिल्यांदा मारियानो रिवेराला मिळाले, २०१९ ला. हॉलमधल्या पाटीवर रायनची टोपी रेंजर्सची आहे. त्याचा नंबर तीन टीमनी कायमचा बंद ठेवलाय, एंजल्सनी ३०, ॲस्ट्रोज आणि रेंजर्सनी ३४. मेट्सनी नाही, कारण ५ मध्ये आहे.

१९. ५७१४ कोणी मोडेल का?

दर वर्षी २५० स्ट्राइकआउट घेतले, एकही वर्ष न चुकवता, तरी २३ वर्षं लागतात. दुसऱ्या नंबरचा रँडी जॉन्सन ४८७५ वर थांबला. आताच्या पिढीतले व्हर्लँडर, शर्झर, कर्शॉ तीन हजार पार गेले म्हणून त्यांचे सोहळे झाले. आता स्ट्राइकआउट होतात खूप, पण पिचरला इनिंगच कमी मिळतात. वॉकचा रेकॉर्ड तर त्याहून सुरक्षित, तेवढे वॉक द्यायला कोणाला इतकी वर्षं टीममध्ये ठेवणारच नाहीत.

२०. रायन बॅटिंग कशी करायचा?

वाईट. दोन होमरन (आपल्या सिक्ससारखे) आहेत अख्ख्या करिअरमध्ये.

२१. आपल्याकडून कोणी पिचर झालंय का?

भारतातून जाऊन मेजर लीगपर्यंत कोणी नाही. २००८ मध्ये भारतात जोरात बॉल फेकणाऱ्यांसाठी टीव्हीवर एक स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. दोघंही भालाफेकवाले, बेसबॉल आधी खेळलेलेच नाहीत. पिट्सबर्ग पायरेट्सनी करार केला आणि दोघं मायनर लीगमध्ये खेळले. डावखुरा रिंकू जास्त टिकला, मग दुखापती झाल्या आणि पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. (केकेआरचा रिंकू सिंग वेगळा, हे पण दर वेळी विचारतात.)

२२. ह्यूस्टनला येतोय, रायनचं काही बघायला मिळेल का?

पेअरलँडकडे राहणार असाल तर रोज बघाल, हायवे २८८ ला ब्रेझोरिया काउंटीत नोलन रायन एक्सप्रेसवे असंच नाव आहे. पुतळा बघायचा तर आर्लिंग्टनला रेंजर्सच्या स्टेडियमबाहेर, पण ते डॅलसजवळ, गाडीने चार तास धरा. आणि २८८ वर मधल्या लेन टोलच्या आहेत, टॅग नसेल तर बिल घरी येतं.